तिसरी तार

पेडल स्टील गिटार वाजवणाऱ्याच्या पेटीत तारांचा अख्खा नवा संच असेल किंवा नसेल. तिसऱ्या तारेची सुटी पाकिटं मात्र असतातच. बाकीच्या नऊ तारा महिनोन्‌महिने निमूट चालतात. ही एक ऐन गाण्यात, बहुधा पेडल दाबलेलं असतानाच, जाते. मग वादक तार बनवणाऱ्याला बोल लावतो, तार विकणारा वाद्याकडे बोट दाखवतो आणि वाद्य बनवणारा म्हणतो, तुम्ही पेडलवर नाचता. तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. पण सगळ्यांत मोठं कारण तिघांच्याही बोलण्यात येत नाही. या तारेकडून आपण जो सूर मागतो, तोच मुळी पोलादाच्या सहनशक्तीच्या कडेला आहे. बाकीची सगळी कारणं तिला त्या कडेवरून ढकलण्यापुरती.

पुढच्या पानांत तार चढवण्याची कृती आहे, चेंजर साफ करण्याची आहे, जाडीचे तक्तेही आहेत. ज्याला घाई असेल त्याने सरळ तिकडे जावं. या प्रस्तावनेचा हेतू एवढाच की 'तार का तुटली' हा प्रश्न वाचकाने घटकाभर बाजूला ठेवावा आणि 'तार कुठे तुटली' हे आधी बघावं. उत्तर बहुतेकदा त्या तुटक्या टोकात असतं, आणि ते टोक आपण वैतागून केराच्या टोपलीत टाकलेलं असतं.

आपल्याकडे हे वाद्य प्रत्यक्ष पाहिलेली माणसं कमीच, म्हणून आधी थोडी ओळख. चार पायांवर उभं केलेलं, अरुंद टेबलासारखं दिसणारं हे वाद्य. वादक त्याच्यासमोर खुर्चीवर बसतो. तारा त्याच्यापुढे आडव्या पसरलेल्या, पट्टीपासून इतक्या उंच की बोटाने दाबून पट्टीला टेकवायचा प्रश्नच नाही. डाव्या हातात गुळगुळीत, वजनदार पोलादी बार. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना नख्या. इथपर्यंत ती आपली ओळखीची हवाईयन गिटारच. फरक आहे तो टेबलाखाली. तिथे पायाने दाबायची तीन पेडलं आणि गुडघ्याने ढकलायच्या चार-पाच लिव्हर असतात, आणि त्यांतली प्रत्येक ठराविक तारांचा ताण वाजता वाजता बदलते.

हवाईयन गिटारच्या जन्माचं श्रेय बहुतेक जण ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकूला देतात. काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला या आवाजाचं वेडच लागलं. तिथून ती एकीकडे आपल्याकडे आली. वॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी तिच्यावर वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या तबकड्या आपल्या आधीच्या पिढीने भरपूर ऐकल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिला रागसंगीतात बसवलं. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची गिटार त्यांचीच. दुसरीकडे, अमेरिकेतच, ती कंट्री संगीतात शिरली आणि तिथे तिला पाय फुटले.

पेडल बसवण्याचे प्रयोग १९४०च्या आधीपासून चालू होते, पण तेव्हा पेडल दाबायचं ते गाण्याच्या मध्ये तारांची जुळणी बदलण्यासाठी. तार झंकारत असतानाच पेडल दाबलं तर काय होतं, हे लोकांच्या कानी पडलं १९५४ साली. वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने तेच केलं. एक सूर जागेवर उभा आणि त्याच्या अंगाखांद्यावरून बाकीचे सूर सरकत वर गेले. बारने असं होत नाही. बार सगळ्या तारांना एकदम घेऊन सरकतो. आयझॅक्सचं ते वाद्य पॉल बिग्सबीने बनवलेलं. बिग्सबी आधी मोटरसायकलीच्या कारखान्यात होता, आणि पेडल स्टीलच्या पोटात डोकावलं की ते पटतं. गाणं गाजलं आणि जो तो स्टीलवाला पेडलं बसवायच्या मागे लागला. पुढे बडी एमन्स, शॉट जॅक्सन वगैरे मंडळींनी नॅशव्हिलमध्ये वाद्याला आजचं रूप दिलं. त्या शहराच्या नावाने ओळखली जाणारी 'ई नाइन' ही जुळणी आज सर्वांत रुळलेली आहे, आणि आपली तिसरी तार तिच्यातलीच.

ही जुळणी आपल्या स्वरांत मांडली तर चटकन कळते. ई हा षड्ज धरा. तिसरी तार जी शार्प, म्हणजे गांधार. पाचवी बी, म्हणजे पंचम. पहिलं पेडल पंचमाला धैवतावर नेतं, दुसरं गांधाराला मध्यमावर. षड्ज जागचा हलत नाही. सा-ग-प वाजवून दोन्ही पेडलं दाबली की सा-म-ध ऐकू येतं, आणि तेही मधल्या श्रुतींना स्पर्श करत. कंट्री संगीतातली ती रडवेली हूक म्हणतात ती बहुतांशी एवढीच. गंमत म्हणजे तारा क्रमाने लावलेल्या नसतात. पहिली आणि दुसरी तार तिसरीपेक्षा खालच्या सुरात असतात. सगळ्यांत उंच सूर तिसरीचा, आणि सगळ्यांत बारीकही तीच. बारीक म्हणून तुटते, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे, आणि या प्रस्तावनेतला बराचसा मजकूर तो खोडण्यासाठीच खर्ची पडणार आहे.

तारेचा सूर तिची लांबी, ताण आणि वजन यांवर कसा अवलंबून असतो, हा नियम मारिन मेर्सेन या फ्रेंच पाद्र्याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला. त्याची आकडेमोड इथे लावू. पेडल स्टीलवर तारेची वाजणारी लांबी साधारण २४ इंच. तिसरी तार जाडीला ११ थाऊ, म्हणजे इंचाचे अकरा हजारांश. पाव मिलिमीटरहून किंचित जास्त. तिच्यातून जी शार्प, म्हणजे सेकंदाला ४१५ कंपनं, काढायची तर तिला सुमारे साडेबारा किलोचा ताण द्यावा लागतो. पेडल दाबून ए, म्हणजे ४४० कंपनं, मिळवायची तर चौदा किलोंहून थोडा अधिक. अर्ध्या सुरासाठी ताण बारा टक्क्यांनी वाढला. आता या जाडीची चांगली कार्बन पोलादाची तार तुटते किती वजनाला? साडेपंधरा ते सतरा किलोंच्या आसपास. म्हणजे पेडल दाबलं की तार आपल्या ताकदीच्या ऐंशी ते नव्वद टक्के ओझं घेऊन उभी. साध्या इलेक्ट्रिक गिटारची पहिली तार, जी तिथली सर्वांत बारीक, ती निम्म्याहून थोड्या अधिकावर असते. पुलाच्या दोरखंडाला कुणी इंजिनिअर एवढं ओझं लावणार नाही.

मग जाड तार लावा की! बहुतेकांना सुचणारा हा पहिला उपाय आणि सर्वांत निरुपयोगी. ११ऐवजी १२ थाऊची तार घेतली तर तिची ताकद एकोणीस टक्क्यांनी वाढते खरी, पण ती जड झाल्यामुळे त्याच सुरासाठी ताणही एकोणीस टक्क्यांनीच वाढवावा लागतो. दोन्ही पारडी सारखीच वर जातात. दर चौरस मिलिमीटरवर पडणारा भार जाडीवर अवलंबून नाही. तो ठरतो फक्त लांबीवर, सुरावर आणि पोलादाच्या घनतेवर. उलट तार जितकी बारीक ओढावी तितकं पोलाद दर चौरस मिलिमीटरला जरा जास्तच चिवट होतं, म्हणजे जाड तारेत किंचित तोटाच. बारीक तारेचा आवाज पातळ वाटतो म्हणून कुणी जाड लावत असेल तर खुशाल लावावी. तुटू नये म्हणून लावू नये.

एक बारकी सवलत कान देतो. पेडल स्टीलवाले गांधार पियानोच्या मापाने लावत नाहीत. षड्जाशी गोड मिळेपर्यंत तो किंचित उतरवतात. आपल्या तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार तो हाच. याने ताण दीडेक टक्क्याने हलका होतो. असेना का तेवढाच!

लांबी कमी केली तर भार कमी होतो, हे खरं. पण २४.२५ इंचांच्या वाद्याऐवजी २४ इंचांचं घेतलं तर फायदा दोन टक्क्यांचा, आणि आणखी आखूड करत गेलं तर खालच्या तारा ढिल्या पडून भसाड्या वाजतात.

ताण हे झालं अर्धं कारण. नुसत्या ताणावर तार गुमान उभी राहू शकते. तिला खरोखर संपवतं ते हलणं, आणि त्यासाठी चेंजर जवळून पाहायला हवा. वाद्याच्या उजव्या टोकाला, आपण जिला घोडी म्हणू त्या जागी, प्रत्येक तारेसाठी अॅल्युमिनियमची एकेक जाडसर पट्टी असते. तिला फिंगर म्हणतात. दहाही फिंगर एकाच आडव्या आसावर बसवलेली. फिंगरचा माथा गोलाकार. तार त्याच्यावरून वळसा घेऊन पलीकडच्या खिळीत आपल्या टोकाच्या मण्याने अडकते. पेडल दाबलं की खालच्या सळया फिंगरला ओढतात, फिंगर आसाभोवती जरासं फिरतं आणि तार ताणली जाते. किती? तिसऱ्या तारेच्या बाबतीत गणिताने पाऊण मिलिमीटरच्या आसपास येतं. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं.

पण या पाऊण मिलिमीटरमध्येच सगळी गोम आहे. तार आणि फिंगर एकत्र फिरतात, त्यामुळे तार माथ्यावर घासत नाही. मात्र जिथे सरळ तार गोलाईला पहिल्यांदा टेकते, तिथला एक बारीकसा तुकडा दर वेळी अवस्था बदलतो. पेडल वर असताना तो सरळ, दाबलं की गोलाईवर वाकलेला, सोडलं की पुन्हा सरळ. लोखंडी तार हाताने तोडायची असली की आपण ती त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवतो. चेंजर दर गाण्यात शेकडो वेळा तेच करतो, फक्त फार कमी अंशांनी आणि तार कमाल ताणात असताना. आधी पृष्ठभागावर सूक्ष्म भेग पडते. ती आत सरकत जाते. उरलेलं पोलाद ज्या दिवशी चौदा किलो पेलू शकत नाही त्या दिवशी तार तुटते. म्हणून ती पेडल दाबतानाच जाते, आणि म्हणूनच काल रात्री ती ठणठणीत होती याला काही अर्थ नाही.

सतारियांना हे ओळखीचं वाटेल. बाजाची तार पडद्यावर आडवी ओढून चार-पाच सुरांची मींड काढताना ताण दुपटीहून वर जाऊ शकतो. पण ती मुळात मंद्रात, पुष्कळ कमी भारावर लावलेली असते, आणि मुख्य म्हणजे ओढणाऱ्या बोटाला तिचा ताण कळतो. पेडलवरच्या पायाला काही कळत नाही. सळया आणि तरफा मधे असल्यामुळे चौदा किलोंवरची तार आणि पाच किलोंवरची तार पायाला सारखीच. काब्रांची गिटार तर या प्रश्नातून सुटलीच: तिथे मींड बारने येते, तारेची लांबी बदलते, ताण जवळपास तसाच राहतो.

पायावरून आठवलं. 'पेडल जोरात दाबल्याने तार तुटते' हा आरोप मला बराचसा अन्यायाचा वाटतो. पेडलला थांबा असतो आणि चढता सूर सळईच्या टोकाच्या छोट्या नायलॉनच्या नटाने आधीच बांधून ठेवलेला असतो. त्यापुढे कितीही रेटलं तरी तार फारशी चढत नाही; वाद्याची चौकट किंचित लवते आणि बाकीच्या तारा बेसूर होतात, तो भाग निराळा.

पाचवी तारही तुटते, आणि तिची तुलना बोलकी आहे. ती पूर्ण एक सूर चढते, तिसरी फक्त अर्धा. तरी हिशेब केला तर जास्त ओढली जाते ती तिसरीच, कारण ती आधीच फार ताणात आहे. पाचवीवर पेडल दाबल्यावरही भार ताकदीच्या निम्म्यापर्यंत जात नाही. मग ती का तुटते? कारण ती १७ थाऊची आहे. जाड तार त्याच गोलाईवर वाकवली की तिच्या बाहेरच्या अंगाला जास्त ओढ बसते. जाड तार लावून तिसरीचं आयुष्य वाढवू पाहणाऱ्याने पाचवीकडे नीट बघावं. सहावी तार तिसरीचाच खालच्या सप्तकातला जोड आहे. त्याच पेडलने चढते, तोच गांधार-मध्यम. तिच्यावरचा भार जेमतेम चौथाई, आणि ती तुटल्याची कुरकुर क्वचितच ऐकू येते.

आता तुटक्या टोकाकडे. तार फिंगरच्या माथ्यावर, सरळ भाग गोलाईला टेकतो नेमकी तिथे तुटली असेल आणि बरेच दिवस चालून तुटली असेल, तर ते नैसर्गिक मरण. कुणालाच दोष देऊ नये. पण तिथेच आणि लवकर लवकर तुटत असेल, तर फिंगरच्या माथ्यावर बोटाचं नख फिरवून पाहावं. तार पोलादी, माथा अॅल्युमिनियमचा. वर्षानुवर्षांच्या दाबाने तिथे चर पडतो. चरामुळे गोलाई मोडते, आणि सावकाश वळण्याऐवजी तार एका कंगोऱ्यावर वाकायला लागते. नख अडकलं तर समजावं. तारा काढून, हजार-दीड हजार नंबरचा वॉटर पेपर तारेच्याच दिशेने फिरवून माथा गुळगुळीत करावा, मग ब्रासो. आडवा पेपर मारू नये. प्रत्येक आडवा ओरखडा तारेखाली करवतीच्या दातासारखा बसतो. नवी तार चढवण्यापूर्वी माथ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. थेंब म्हणजे थेंब.

याच जागेचा दुसरा शत्रू घाम. पेडल स्टीलवर उजव्या हाताच्या तळव्याची कड तारांवर टेकवून त्यांचा झंकार थांबवायचा असतो, तोही चेंजरच्या जवळपास. म्हणजे जिथे तार सर्वांत जास्त थकते तिथेच तिच्यावर रोज खारट पाणी. गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा भेगेला सुरुवात करून द्यायला पुरतो. वाजवून झाल्यावर कोरडं फडकं फिरवणं हा साऱ्या उपायांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. कोकणपट्टीत कुणी हे वाद्य बाळगत असेल तर पावसाळ्याचे चार महिने त्याने फडकं पेटीतच ठेवावं.

डाव्या टोकाला, खुंटीपाशी, तार तुटली तर कारण वेगळं. तिथे पेडलने तार वाकत-सरळ होत नाही. बहुधा खुंटीच्या भोकाची धार राहिलेली असते, किंवा गुंडाळताना वेढे एकमेकांवर चढून तार दबलेली असते. बारीक कानस भोकाच्या कडेवरून फिरवली की काम होतं. खुंटी आणि वाजणारा भाग यांच्यामध्ये प्रत्येक तारेखाली एकेक छोटा रोलर असतो. पेडल दाबलं की तार तिथूनही केसभर सरकते आणि रोलर तिच्याबरोबर फिरायला हवा. धूळ आणि जुनं तेल साचून तो जाम झाला तर तार त्याच्यावर घासते, आणि सूरही परत जागेवर येत नाही. पेडल सोडल्यावर तिसरी तार उतरलेली राहत असेल तर तुटण्याची वाट न बघता आधी हा रोलर बोटाने फिरवून बघावा.

मण्यापाशी, जिथे तारेला पीळ दिलेला असतो तिथे, एखाद्-दुसरी तार तुटली तर ती तार बनवणाऱ्याची चूक मानायला हरकत नाही. एकाच खिळीवर पुन्हा पुन्हा तुटली तर दोष खिळीचा. आणि मध्येच कुठे तुटली, तर पाकिटातून काढताना तिला मुरड पडली होती का ते आठवावं. मुरडलेली तार सरळ केली तरी पोलाद ते विसरत नाही.

हे सगळं वाचून कुणी विचारेल की एवढा खटाटोप करण्यापेक्षा अख्खी जुळणीच एक सूर खाली का घेत नाहीत. तसं वाजवणारे आहेत. एक पूर्ण सूर खाली घेतला तर तिसरीवरचा भार वीस टक्क्यांनी उतरतो, आणि ती चांगली टिकते. पण मग वाद्य संगतीच्या इतर वाद्यांशी निराळ्या ठिकाणी जुळतं, बारच्या ओळखीच्या जागा सरकतात, आणि मुख्य म्हणजे तो वरचा गांधार, जो गिटार, फिडल आणि गाणाऱ्याच्या आवाजावरून तरंगत जातो, तो खाली उतरतो. बहुतेकांनी सूर ठेवला आणि तार मोडू दिली. मला त्यांचं पटतं. तार स्वस्त आहे, आणि ती तुटण्याआधी ठरवून बदलली तर मैफलीत तुटण्याची वेळ क्वचितच येते. कधी बदलावी याचा सर्वांसाठी एक आकडा मी दिलेला नाही, कारण पेडल किती चालतं, घाम किती येतो आणि चेंजर कसा आहे यावर ते ठरतं. आपल्या दोन-तीन तारा किती टिकल्या ते लिहून ठेवावं आणि त्यांतली जी सर्वांत आधी गेली तिच्या थोडं अलीकडे बदलावी.

पहिलं प्रकरण चेंजरचं आहे आणि त्यासाठी सगळ्या तारा उतरवाव्या लागतात. ताणलेली तार पकडीने कापू नका. आधी खुंटी सोडून ती पूर्ण लोंबेपर्यंत ढिली करा, मग मणी खिळीतून काढा, आणि तिसरी सोडताना चेहरा वाद्याच्या वर नको.